मदत हवी आहे: नाशिकमध्ये ना. सी. फडक्यांच्या धड प्रती कुठे मिळतील?

दिवसभराच्या कटकटीनंतर डोकं हलकं करायला फडके (१८९४–१९७८) सलग वाचायचे आहेत. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या क्रमाने. सावानात (१८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय) यातलं काय घरी नेता येतं आणि काय तिथेच बसून वाचावं लागतं?

विकत घ्यायचं तर जुन्या प्रतींची भीती वाटते. शिवण सुटली की आधी शेवटचा फॉर्मा गळतो, म्हणजे १६ पानं, आणि प्रेमकथेत नेमकी तीच हवी असतात! पुन्हा बांधलेल्या प्रतीत बाइंडर कडा कापतो, आतला समासही शिवणीत जातो. ओळीतली पहिली दोन अक्षरं दिसतच नाहीत. कागद पिवळा असला तरी चालेल, पण कोपरा दुमडल्यावर तुटला तर नको. पानं उलटतानाच तुकडे पडतात.

मेन रोड किंवा कॉलेज रोडकडे जुनी पुस्तकं ठेवणारं कुणी आहे का? नवी आवृत्ती असेल तर टाइप किती मोठा आहे तेही सांगा, रात्री दिव्याखाली वाचायचंय. पीडीएफच्या लिंक कृपया नकोत, स्वामित्वहक्क २०३८ अखेरपर्यंत आहे.