नाटकाच्या रेकॉर्डिंगला मराठी सबटायटल: टीव्हीवर चौकोन येतात, आणि शेवटाकडे ओळी संवादाच्या आधी धावतात

विंगेतून (प्रश्न)

दोन अंकी नाटकाचं रेकॉर्डिंग आहे. एमपी4 फाइल, 1080 उंची, सेकंदाला 29.97 फ्रेम, लांबी 1 तास 40 मिनिटं. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठ प्रेक्षकांसाठी मराठी सबटायटल हवीत आणि परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी. दोन्ही एसआरटी फाइली (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेल्या साध्या मजकूर फाइली) टाइप करून तयार आहेत. ओळींच्या वेळा संकलकाने एडिटिंगच्या टाइमलाइनवर दिसणाऱ्या आकड्यांवरून लिहून दिल्या होत्या. लॅपटॉप विंडोज 10, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

अडचणी तीन:

1. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये मराठी व्यवस्थित दिसतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावली की मराठीच्या जागी चौकोन. इंग्रजी मात्र दिसतं.
2. पहिल्या प्रवेशात ओळी अचूक, शेवटच्या प्रवेशात संवादाच्या सुमारे सहा सेकंद आधी येतात. सगळ्या ओळी सहा सेकंद मागे ढकलल्या की शेवट जुळतो, पण सुरुवात बिघडते.
3. दुसऱ्या संगणकावर थोडी दुरुस्ती करून सेव्ह केलेल्या प्रतीत सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं आहेत. ती परत वाचता येईल का?

---

फ्रेममोज्या

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. 100 मिनिटं म्हणजे 6,000 सेकंद, आणि त्यात 6 सेकंदांचा फरक, म्हणजे हजारात एक. 30 आणि 29.97 यांच्यात नेमका एवढाच फरक असतो.

29.97 च्या व्हिडिओत टाइमकोड, म्हणजे टाइमलाइनवरचा वेळेचा आकडा, मोजताना सॉफ्टवेअर 30 फ्रेम झाल्या की आकडा एका सेकंदाने पुढे नेतं. पण त्या 30 फ्रेमना प्रत्यक्षात सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ लागलेला असतो. टाइमलाइनवर एक तास दिसतो तेव्हा घड्याळात एक तास आणि 3.6 सेकंद झालेले असतात. ‘ड्रॉप फ्रेम’ पद्धतीत तासाला 108 आकडे गाळून हा फरक भरून काढतात, ‘नॉन-ड्रॉप’मध्ये काढत नाहीत. तुमच्या संकलकाची टाइमलाइन नॉन-ड्रॉपवर होती. प्लेअर मात्र एसआरटीतली वेळ खऱ्या घड्याळाने मोजतो, म्हणून ओळी हळूहळू पुढे पळतात.

उपाय ‘सबटायटल एडिट’मध्ये आहे. हा विंडोजवरचा मोफत प्रोग्राम आहे. एसआरटी आणि व्हिडिओ दोन्ही त्यात उघडा, ‘सिंक्रोनायझेशन’ मेनूतून ‘चेंज फ्रेम रेट’ घ्या, ‘फ्रॉम’मध्ये 30 आणि ‘टू’मध्ये 29.97 द्या. सगळ्या वेळा 1.001 पट होतील. मग पहिल्या अंकाचा शेवट आणि नाटकाचा शेवट अशा दोन जागी ऐकून बघा. अर्ध्या सेकंदाचा फरक उरलाच, तर त्याच मेनूतलं ‘व्हिज्युअल सिंक’ वापरा: सुरुवातीची एक ओळ आणि शेवटची एक ओळ आवाजावर नेमकी बसवायची, मधल्या सगळ्या ओळी प्रमाणात सरकतात.

इंग्रजी फाइललाही हेच करा. तिच्या वेळा त्याच टाइमलाइनवरून आल्यात.

वेळ चुकते तेव्हा ती कशी चुकते हे आधी ओळखायचं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फरक सारखाच असेल, तर ‘अ‍ॅडजस्ट ऑल टाइम्स’ने सगळं एकदम सरकवायचं. फरक वाढत जात असेल, तर प्रमाण बदलायचं, तुमच्यासारखं. 25 आणि 23.976 चा घोळ असेल तर तासाला अडीच मिनिटांच्या आसपास फरक पडतो, तो लगेच लक्षात येतो. आणि एका ठिकाणापर्यंत बरोबर, तिथून पुढे एकदम ठरावीक फरक, असं दिसलं तर मधला तुकडा कापला गेलाय, बहुतेक मध्यंतराचा. तिथून पुढच्याच ओळी निवडून सरकवा.

---

वेलांटी_आणि_मात्रा

प्रश्नचिन्हं आणि चौकोन हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रश्नचिन्हं आली म्हणजे अक्षरं कायमची गेली. फाइल ‘एएनएसआय’ या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह झाली, त्यात देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी ‘?’ लिहिलं गेलं. ती प्रत टाकून द्या आणि मूळ प्रतीत दुरुस्ती पुन्हा करा. नव्या नोटपॅडमध्ये, म्हणजे विंडोज 10 ची 1903 आवृत्ती आणि पुढे, आपोआप यूटीएफ-8, म्हणजे देवनागरी मावणारं एन्कोडिंग, असतं. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत खाली ‘एन्कोडिंग’ असतं, तिथे यूटीएफ-8 निवडावं लागतं.

मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या आणि ठिपके असलेली रोमन अक्षरं दिसली, तर मात्र घाबरू नका. फाइल शाबूत असते, प्लेअर ती चुकीच्या एन्कोडिंगने वाचत असतो. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलच्या पानावर डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-8 करा.

चौकोन म्हणजे अक्षरं शाबूत आहेत, पण दाखवणाऱ्याला देवनागरी फॉन्ट मिळत नाही. तुमच्या टीव्हीचं हेच झालंय. टीव्हीच्या प्लेअरमध्ये सहसा बाहेरून फॉन्ट घालता येत नाही. आधी सेटिंगमध्ये सबटायटलची भाषा किंवा एन्कोडिंग बदलता येतं का ते बघा, काही टीव्हींवर तेवढ्याने भागतं. पण अक्षरं दिसली म्हणून लगेच खूश होऊ नका, जोडाक्षरंही तपासा. एक छोटी एसआरटी करा, तीत या दोन ओळी टाका आणि टीव्हीवर लावा:

स्थिती, शक्ती, विठ्ठल, ज्ञानेश्वर
दुसऱ्या दऱ्या, दर्या, कृष्ण, राष्ट्र

‘स्थिती’तली पहिली वेलांटी ‘थ’च्या उजवीकडे गेली, किंवा ‘शक्ती’त पाय मोडलेला ‘क’ आणि त्यापुढे सुटा ‘ती’ आला, तर त्या टीव्हीला फॉन्ट असूनही देवनागरी जुळवता येत नाही. मग मराठी चित्रावरच छापून देणं हा खात्रीचा मार्ग.

हाताने टाइप केलेल्या एसआरटीत आणखी दोन गोष्टी नेहमी अडवतात. मराठी कीबोर्ड चालू असताना वेळेचे आकडे देवनागरीत पडतात. प्लेअरला ते कळत नाहीत आणि ती ओळ दिसतच नाही. आकडे 0 ते 9 असेच हवेत, मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम हवा, आणि बाण दोन आडव्या रेघा व एक टोक असा सुटा हवा:

00:12:07,480 --> 00:12:10,200

वर्डमध्ये टाइप केलं तर तो या तीन चिन्हांचा मिळून एकच सलग बाण करतो, आणि फाइल निकामी होते. वर्ड वापरूच नका. संवाद कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिले असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नुसता फॉन्ट बदलून उपयोग नाही, आतली अक्षरंच वेगळी असतात.

---

विंगेतून

30 ते 29.97 केलं, दोन्ही फाइली शेवटपर्यंत जुळल्या. टीव्हीवर चाचणी केली: भाषेचं सेटिंग बदलल्यावर चौकोन गेले, पण ‘स्थिती’ आणि ‘शक्ती’ दोन्ही तुटक. म्हणजे मराठी छापायचंच. आणि लॅपटॉपवरच्या व्हीएलसीत ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’ काही ओळींत बरोबर दिसतात, काहींत ‘दुसर्या’, ‘बिचार्या’ असे. फॉन्ट तर एकच आहे.

---

वेलांटी_आणि_मात्रा

‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. दुसऱ्या तऱ्हेत ते अदृश्य चिन्ह कुठे तरी गळलं, की उरतो साधा रफार. मजकूर स्वच्छ करणारी टूल्स ते नको असलेलं चिन्ह समजून काढतात. मग दऱ्यांचा दर्या होतो, आणि मंचावरचा संवाद खाली वेगळाच वाचला जातो.

जिथे जोडचिन्ह अजून शिल्लक आहे तिथे ‘फाइंड अँड रिप्लेस’ चालेल: ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह शोधा, जागी ‘ऱ’ आणि हलन्त टाका. जिथे ते गळलंय तिथे सरसकट बदल करू नका, नाही तर ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आर्य’ सगळे बिघडतील. ‘र्या’ शोधा आणि एकेक ठिकाण बघून दुरुस्त करा. ‘ऱ्हा’ आणि ‘ऱ्ही’सुद्धा तपासा.

---

फ्रेममोज्या

आता छपाई. एसआरटीत फॉन्ट आणि आकार ठरवता येत नाही, म्हणून सबटायटल एडिटमध्ये मराठी फाइल उघडून ती ‘अ‍ॅडव्हान्स्ड सबस्टेशन अल्फा’, म्हणजे एएसएस म्हणून सेव्ह करा. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हिडिओचं रिझोल्यूशन 1920 गुणिले 1080 असं नक्की भरा. ते रिकामं राहिलं तर छापणारं इंजिन चित्राची उंची 288 धरतं, आणि 64 आकाराचं अक्षर पडद्याचा जवळजवळ पाव भाग व्यापतं.

स्टाइलमध्ये फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्या, दोन्ही मोफत आहेत. ‘मुक्त’ मुंबईच्या एक टाइपचा आहे आणि लांबून फार चांगला वाचता येतो. आकार 60 ते 66, रंग पांढरा, काळी कडा 3, खालची मोकळी जागा 60. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून खालचे 5 टक्के, म्हणजे 54 पिक्सेल, रिकामे हवेतच. रंगमंचावर पांढरी धोतरं किंवा उजळ नेपथ्य असेल, तर कडेऐवजी अर्धपारदर्शक काळी पट्टी घ्या. फॉन्ट बसवताना राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ निवडा. एकाच यूझरसाठी बसवलेला फॉन्ट काही प्रोग्रामना सापडत नाही, मग ते गुपचूप दुसराच वापरतात.

पुढे हँडब्रेक, हा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करणारा मोफत प्रोग्राम आहे. व्हिडिओ उघडा, ‘फास्ट 1080पी30’ प्रीसेट घ्या, ‘सबटायटल्स’ टॅबमध्ये एएसएस फाइल इम्पोर्ट करा आणि ‘बर्न इन’वर खूण करा. एका वेळी एकच ट्रॅक छापता येतो. फ्रेम रेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवा, नाही तर आत्ता जुळवलेलं पुन्हा तपासावं लागेल. क्वालिटी आरएफ (हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा) 21 किंवा 22 पुरेशी आहे. पूर्ण नाटक लगेच लावू नका. ‘रेंज’मध्ये सेकंद निवडून जोडाक्षरं भरपूर असलेला एक मिनिट आधी काढा आणि टीव्हीवर बघा. ग्राफिक्स कार्डाशिवाय पूर्ण फाइलला नाटकाच्या लांबीइतका किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो, लॅपटॉप चार्जरला लावून रात्री सोडा.

पेन ड्राइव्ह फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. टीव्ही एक्सफॅट हा नवा फॉरमॅट वाचत असेल तर प्रश्न मिटला. वाचत नसेल तर क्वालिटीऐवजी सरासरी बिटरेट (सेकंदाला किती डेटा) 5,000 केबीपीएस ठेवा, आवाजाचा 160. शंभर मिनिटांची फाइल मर्यादेत बसेल.

मूळ व्हिडिओ आणि दोन्ही एसआरटी मात्र जपून ठेवा. छापलेल्या प्रतीत एक वेलांटी सुधारायची तरी सगळं पुन्हा करावं लागतं. संग्रहासाठी आणि लॅपटॉपवर बघणाऱ्यांसाठी एमकेव्हीटूलनिक्स हा प्रोग्राम वापरा, तो व्हिडिओ आणि सबटायटल एकाच एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतो: व्हिडिओ आणि दोन्ही एसआरटी त्यात ओढा, प्रत्येक ट्रॅकची भाषा लावा, मराठीला ‘डीफॉल्ट’ करा, ‘स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग’ दाबा. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो आणि फाइल कॉपी करण्याइतकाच वेळ लागतो. नातवंडांना ही एमकेव्ही द्या, किंवा यूट्यूबवर न छापलेला व्हिडिओ चढवून मराठी आणि इंग्रजी एसआरटी वेगवेगळ्या द्या. तिथे बघणारा हवी ती भाषा निवडतो.

---

ओळीमागे_ओळ

ज्येष्ठांसाठी आहे म्हणून ओळींबद्दल लिहितो, कारण तांत्रिक बाजू जमूनही सबटायटल वाचून होत नाहीत, असं फार दिसतं.

एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सात सेकंद. दोन पट्ट्यांमध्ये (पट्टी म्हणजे एका वेळी दिसणारा मजकूर) दोन फ्रेमची फट, म्हणजे 29.97 ला साधारण 67 मिलिसेकंद. फट नसेल तर मजकूर बदलल्याचं डोळ्याला कळत नाही.

सेकंदाला किती अक्षरं हा आकडा प्रोग्राम दाखवतो, पण मराठीत तो जसाच्या तसा धरू नका. मात्रा आणि हलन्तही सुटे मोजले जातात. ‘स्त्री’ वाचताना एक अक्षर, मोजणीत सहा. आकडा लाल झाला म्हणून लगेच संवाद छाटू नका, स्वतः मोठ्याने वाचून बघा. पट्टी जाण्याआधी दोनदा वाचता आली तर ज्येष्ठांना ती पुरते.

ओळ तोडताना क्रियापद फोडू नका. ‘त्याने सगळं विकून / टाकलं’ असं नको, ‘त्याने सगळं / विकून टाकलं’ असं हवं. विशेषण आणि नामही एकत्र ठेवा. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतोय का, ते त्या एक मिनिटाच्या चाचणीत बघा. टेकत असेल तर आकार चार-पाचने कमी करा.

दोन पात्रं एकाच पट्टीत आली तर प्रत्येकाच्या ओळीआधी आडवी रेघ द्या. बोलणारं पात्र विंगेत असेल तर त्याचं नाव लिहा. [दारावर थाप], [बाहेर हशा] असे आवाज चौकटी कंसात द्या. मराठी फाइलमध्ये ते हवेतच, कारण कमी ऐकू येणाऱ्याला थाप ऐकू आली नाही, तर पात्र अचानक दाराकडे का वळलं ते कळणार नाही.