दुसरीतल्या मुलीला विज्ञानाची मराठी पुस्तकं कुठली द्यावीत?

निमकी:
लेक दुसरीत आहे, शाळा इंग्लिश मीडियम पण घरी मराठीच, आणि आत्ता कुठे मराठी अक्षरं जोडून वाचायला लागलीये. प्रश्न मात्र दिवसभर चालू, पाल भिंतीवरून पडत का नाही, चंद्र आपल्या गाडीबरोबर का येतो वगैरे. वाढदिवसाला कोणीतरी जाडजूड एन्सायक्लोपीडिया दिलाय, डायनासोर आणि पेंग्विन बघून झाले की मिटून ठेवते. ती आपणहून उघडेल असं काहीतरी हवंय. महागडे सेट नकोत, दुकानात गेलं की तेच गळ्यात मारतात. सुचवा ना कोणीतरी.

आडवाट:
पेंग्विन कुठून भेटणार तिला, दारातलं काहीतरी द्या. घरी कढीपत्त्याची कुंडी आहे का? असेल तर पानं नीट बघा, लिंबाच्या फुलपाखराची अळी बऱ्याचदा सापडते. लहान असताना अगदी पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते, काळपट-पांढरी, मोठी झाली की हिरवीगार. हलकेच काडी लावली तर डोक्यामागून केशरी-लाल शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते, पोरं किंचाळतात एकदम. हे झालं की मग फुलपाखरांचं फोटोंचं गाइड हातात द्या, इंग्लिश असलं तरी बिघडत नाही, फोटोवरूनच शोधतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मन आहे, २०१५ साली जाहीर झालं, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, तेवढं त्या गाइडमध्ये शोधायला लावा.

आणि पालीचं म्हणाल तर, खिडकीच्या काचेवर बाहेरून बसली की आतून तिचे तळवे दाखवा. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक केस असतात, त्यांच्या जोरावर चिकटते. डिंक-बिंक काही नसतो.

चष्मेबद्दूर:
पैसे घालवायच्या आधी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची साइट बघा, मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. त्यांचं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून आकार करायचं भारी आहे. ट्यूबचे बारके तुकडे कापायचे नि त्यात काड्या खुपसायच्या (काड्यांचा गुल खरवडून टाका आधी). चौकोन केला की तो डगमगतो, दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग पुलाला नि टॉवरला एवढे त्रिकोण का असतात ते पोरगं स्वतःच सांगतं. स्टोरीवीव्हर नावाच्या गोष्टींच्या साइटवर पण मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणे आहेत, पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला पानावर दोन-चार ओळीच, तिला जमतील. काही भाषांतरं मात्र खडबडीत आहेत, आधी स्वतः वाचून बघा. बालभारतीच्या किशोरचे जुने अंकही ऑनलाइन आहेत, १९७१ पासूनचे, पण ते जरा मोठ्या मुलांसाठी.

खारूताई:
सगळं मान्य, पण प्रत्येक पुस्तकाचा प्रयोग करायला लावू नका हं. आमच्याकडे नातेवाईकांत एक आहेत, पान उलटलं की "मग काय शिकलास?", त्यांचा मुलगा पुस्तक बघितलं की पळतो. रात्री नुसतं वाचून दाखवा. मारुती चितमपल्लींचे पक्ष्यांवरचे लेख मी मधले अवघड परिच्छेद गाळून वाचायचे, अर्धं कळायचं नाही, तरी पोरगा "अजून एक" म्हणायचा. व्यंकटेश माडगूळकरांचं सत्तांतर पण सुंदर, पण वानरांच्या टोळीतली मारामारी आहे, सातवी-आठवीपर्यंत थांबा.

निमकी:
धन्यवाद सगळ्यांना! कढीपत्ता आहे, पण सोसायटीचा माळी फवारणी करतो, त्याला आमची कुंडी सोडायला सांगते. एकच अडचण, पीडीएफ म्हटलं की मोबाइल हातात द्यावा लागतो, ते नकोय.

चष्मेबद्दूर:
झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट पाठपोट प्रिंट काढा, एका बाजूला दोन पानं, मधे स्टेपल मारा. रंग तिलाच भरू दे.