मदत हवी आहे: ‘रोड टू पर्डिशन’ – चित्रकादंबरीतून चित्रपटात नेमके काय उतरले?

नमस्कार.

आमच्या वाचनगटात चित्रकादंबऱ्यांवरील चित्रपटांविषयी मला बोलायचे आहे. त्यासाठी मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स यांनी लिहिलेली, रिचर्ड पिअर्स रेनर यांनी चितारलेली ‘रोड टू पर्डिशन’ (१९९८) आणि तिच्यावरचा सॅम मेंडिस यांचा २००२ चा चित्रपट मी निवडला आहे.

गाभा दोन्हीकडे एकच आहे. इलिनॉयमधील आयरिश टोळीप्रमुखाच्या पदरी असलेला मारेकरी, बायको आणि धाकटा मुलगा त्याच टोळीकडून मारले गेल्यावर, थोरल्या मुलाला घेऊन सूड उगवायला निघतो. पुस्तकातला जॉन लूनी हा रॉक आयलंडमध्ये खरोखर होऊन गेलेला गुंड; चित्रपटात त्याचा रूनी झाला, हा बदल किरकोळच म्हणायचा. गुन्ह्यांच्या जागी प्रेतांची छायाचित्रे काढणारा मारेकरी मग्वायर मात्र पुस्तकात मुळीच नाही, आणि मला तरी ही भर फार मोलाची वाटते.

माझी अडचण वेगळीच आहे. ‘चित्रपटाने पुस्तकाच्या चौकटी जशाच्या तशा उचलल्या’ असे गटातील काहींचे ठाम मत आहे. मला ते पटत नाही, कारण रेनर यांच्या काळ्या-पांढऱ्या, दाट रेषांच्या पानांवर बंदुका सतत धडधडत असतात, तर चित्रपट जवळजवळ मुका आहे. पावसातला तो प्रसंग आठवून पाहा: रूनीची माणसे एकामागून एक कोसळतात, अंधारात बंदुकीच्या ज्वाळा दिसतात, पण गोळ्यांचा आवाज येत नाही, केवळ थॉमस न्यूमन यांचे संगीत ऐकू येते. कॉनरॅड हॉल यांना या छायाचित्रणासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळाले, ते उगाच नव्हे.

कॉलिन्स यांनी कझुओ कोइके व गोसेकी कोजिमा यांच्या ‘लोन वुल्फ अँड कब’ या जपानी चित्रमालिकेचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. तिथेही दगा झालेला, तलवार चालवणारा बाप लहानग्याला घेऊन वाट तुडवतो. ही मालिका वाचलेल्यांना विचारायचे आहे की, चित्रपटातील शांततेचे मूळ त्या मालिकेतील शब्दाविना सरकणाऱ्या पानांत शोधणे रास्त ठरेल का, की ती सर्वस्वी मेंडिस आणि हॉल यांचीच कमाई मानावी? पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवता येतील अशी पाने आणि दृश्ये कोणी सुचवली, तर फार उपकार होतील. शक्यतो खंड किंवा प्रकरणही कळवावे.