एकच अक्षर नाहीतर एकच शब्द परत परत येऊन गंमत होते अशी वाक्यं सांगा ना

फ्लॅटस्कीमवाली_ताई
नमस्कार मंडळी. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, तर आमच्या फ्लॅट स्कीममधल्या, म्हणजे सोसायटीतल्या, पोरांसाठी खाली पार्किंगमध्ये छोटासा कार्यक्रम ठेवून राहिलो आहोत. भाषण कोणीच देणार नाही, फक्त शब्दांचे खेळ. पोरं सगळी इंग्लिश मीडियमची, खाली खेळताना आपसात हिंदीच बोलतात, घरी मराठी बोलतात पण तीही अर्धीमुर्धी, म्हणून मला असं काहीतरी पाहिजे की त्यांना मराठीची मजा वाटली पाहिजे, अभ्यास नाही. ते काकांनी काकूंच्या कपाटातले कागद कापले वालं सगळ्यांना पाठ आहे आणि मला त्यात फार काही वाटत नाही, नुसती क ची रांग लावलेली आहे, ऐकणारा अडकत नाही. आवाज तोच राहावा आणि अर्थ दर वेळी बदलावा असं पाहिजे. माझी मुलगी तिच्या काकाला म्हणाली, "काका, का का का करता?" कारण तो प्रत्येक गोष्टीवर का, का विचारत बसतो. असं काही असेल तर टाका. नागपुरी असेल तर फारच छान.

तर्रीपोहा_प्रेमी
हाव ताई, हे घ्या. लग्नाच्या हॉलमधलं आहे: वर वर वरवर बघून राहिला. पहिला वर म्हणजे वरच्या माळ्यावर, दुसरा वर म्हणजे नवरदेव, आणि वरवर म्हणजे उगाच नजर फिरवून राहिला. पावसाळ्यातलं: सर, सर आली, सरसर सरा. आळशी माणसासाठी: पळ, पळ पळ मोजत बसू नको. ही वाक्यं पोरांना कागदावर स्वल्पविराम न लावता द्या आणि मोठ्यानं वाचाले लावा, कुठं थांबाचं ते ज्याले कळलं त्यालेच अर्थ कळते, सगळी मजा थांबण्यातच आहे.
आणि आपल्या बोलीत तर बाहेरून काही आणावंच नाही लागत. बाकीचे लोकं विचारतात कुठे राहतोस, आपण विचारतो कुठं राहून राहिला बे. आता म्हणा: मले राहून राहून वाटून राहिलं का तो महालातच राहून राहिला. महाल म्हणजे आपल्या नागपुरातला भाग, राजवाडा नाही. हे वाक्य इथं रोजच्या बोलण्यात कोणीही सहज बोलून जाईल, बनवल्यासारखं वाटतच नाही, म्हणून मले लय आवडते.

मराठीच्या_बाई
ताई, तुम्ही जो फरक केला आहे ना, नुसती अक्षरांची रांग आणि अर्थ बदलणारा तोच आवाज, तोच अनुप्रास आणि यमक यांतला फरक आहे. शाळेत आम्ही कवितेच्या ओळीच्या शेवटी जुळलं की यमक एवढंच शिकवतो, पण जुन्या अलंकारशास्त्रात तीच अक्षरं पुन्हा आली आणि अर्थ वेगळा निघाला तर यमक. वामन पंडितांना यमक्या वामन म्हणायचे ते याच हौसेपायी.
पण मी तुम्हाला खेळ सुचवते तो मोरोपंतांचा (1729 ते 1794). त्यांनी बरीच रामायणं लिहिली, त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ज्यात ओठांनी उच्चारायचं अक्षरच नाही. प फ ब भ म सगळं बंद. विचार करा, राम हे नावच घेता येत नाही आणि रामायण सांगायचं! तर पोरांना सांगा, बोट आडवं धरून दोन्ही ओठांच्या मधे ठेवा आणि बोला, ओठांनी बोट दाबलं की आऊट. बाबा, मामा, मम्मी, पप्पा सगळे बाद होतात, आई, आजी, काका, दादा, नाना टिकतात. शास्त्राप्रमाणे उ ऊ पण ओठांचेच आहेत पण तिथे पोरांना सूट द्या, नाहीतर कोणाला तोंडच उघडता येणार नाही. घरी कोण कोण आहे ते सांगा म्हटलं की पाहा काय धमाल होते, बाबाला हाक कशी मारायची हे प्रत्येकजण वेगळंच शोधून काढतं.

रामटेकचा_मी
बाईंनी निरोष्ठ काढलं तर याच्या उलट टोकाचं पण सांगून ठेवतो. संस्कृतमध्ये भारवीच्या किरातार्जुनीय काव्यात पंधराव्या सर्गात एक श्लोक आहे, शेवटचा त् सोडला तर त्यात न शिवाय दुसरं व्यंजनच नाही. पोरांना तो झेपणार नाही, पण त्या धर्तीवर मराठी करता येते. नानांनी नाना नाणी नानींना न नेता नुन्नूला नेऊन दिली, असं. नाना म्हणजे माणूस पण आणि नाना म्हणजे तऱ्हेतऱ्हेचं पण.
आणि चटईला टाचणी टोचली हे घ्याच. त्यातला च चहातला नाही, चमच्यातला आहे. दिवसभर हिंदी बोलणारी पोरं तिन्ही ठिकाणी चहातला च लावतात. आधी हळूहळू नीट म्हणून घ्या आणि मग वेग वाढवा. गाडी अडकते ती च आणि ट ची जागा उलटी होते म्हणून, चटईत च आधी ट नंतर, टाचणीत ट आधी. कच्चा पापड पक्का पापडचं पण तेच, क एकदा तोंडाशी येतो आणि एकदा मधात, म्हणून जीभ पच्चा पापड म्हणून मोकळी होते.

काटोलवाला
पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या सणाले म्हणतात ती जुळवलेली गाणी, कशा काय विसरले सगळे? आमच्याकडे बैल तोरणाखाली उभे राहिले की एकजण झडती टाकतो, दुसऱ्या बाजूनं त्याले उत्तर येते, आणि शेवटी सगळे मिळून एक नमन गौरा पार्वती हर बोला हर हर महादेव. पहिली ओळ नेहमी तोच शब्द दोनदा घेऊन उठते, वाटी रे वाटी खोबऱ्याची वाटी, आणि मग त्याच आवाजावर खालच्या सगळ्या ओळी बसवायच्या. यात शेतकरी आपलं गाऱ्हाणं पण मांडतो, देवाले पण सोडत नाही, सावकाराले पण नाही. पोरांना पहिली ओळ तुम्ही द्या, बाकीच्या त्यांना जोडू द्या. मी आत्ता बसल्या बसल्या एक केली:
फोड रे फोड, संत्र्याची फोड
एक लागे आंबट, एक लागे गोड
आजी म्हणे नातवा, हट्ट आता सोड
शेजारच्या पोराले अर्धी तरी तोड
एक नमन गौरा पार्वती हर बोला हर हर महादेव!
शेवटची ओळ सगळ्या पार्किंगनं ओरडली पाहिजे, नाहीतर मजा नाही.

फ्लॅटस्कीमवाली_ताई
अरे वा, मी इतकं मिळेल असं समजलेच नव्हते! निरोष्ठवालं आणि झडती दोन्ही नक्की घेते. राहून राहून वालं सासूबाईंनी ऐकलं आणि त्यांना त्यात काय गंमत आहे हेच कळेना, त्या तसंच बोलतात. अजून एक विचारायचं होतं, अगदी लहान पोरं आहेत चार-पाच वर्षांची, त्यांना अर्थबिर्थ नाही जमणार, त्यांच्यासाठी सोपं काही?

मराठीच्या_बाई
तुम्हीच लिहिलंत की, अर्थबिर्थ. तेच द्या. चहाबिहा, पाणीबिणी, पुस्तकबिस्तक. पहिलं अक्षर काढायचं आणि बि लावायचा, तीन वर्षांचं पोरही न शिकवता करतं, आणि हिंदीत तेच चाय-वाय होतं हे तुमच्या पोरांना आधीच माहीत असणार. समोर वस्तू धरा आणि जोडी म्हणून घ्या. बटाटाबिटाटा, बसबिस पण होतात. मग हळूच बिस्कीट दाखवा. बिस्कीटबिस्कीट! आता काय करणार? कोणी बिस्कीटफिस्कीट म्हणेल, कोणी गप्प बसेल, कोणी भलतंच काहीतरी काढेल, जे काढेल ते चालवून घ्या. मोठ्या पोरांना मग बि नं सुरू होणारे शब्द शोधायला लावा, बिल, बिब्बा, बिजागरी, बिछाना, ज्यांची अशी जोडीच होत नाही.