मदत हवी आहे : आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, कोल्हापूर

सादर नमस्कार. मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांचा रेडिओग्राम (रेडिओ आणि तबकडी वाजवणारे यंत्र एकाच पेटीत असलेला संच) सापडला असून तो पुन्हा सुरू करण्याची इच्छा आहे. सांगली आकाशवाणी याच्यावर ऐकल्याचे आई अजून सांगते.

एवढी वर्षे बंद असलेला संच थेट विजेला जोडणे धोक्याचे, म्हणून ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून तो सुरू केला. व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) उजळले, पण स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज येतो आणि तो व्हॉल्यूम पूर्ण कमी केला तरी बदलत नाही. त्यावरून फिल्टरचे (वीजपुरवठ्यातील चढउतार सपाट करणारे) कपॅसिटर सुकले असावेत असे वाटते. शिवाय ईएल ८४ या स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या २ क्रमांकाच्या पिनवर (ग्रिडवर), जिथे जवळपास शून्य हवे तिथे, मीटर धन ४ व्होल्ट दाखवतो आणि तो व्हॉल्व्ह अवाजवी तापतो. त्यामुळे कपलिंगचा (आधीच्या टप्प्यातून फक्त ध्वनीचा संकेत पुढे नेणारा) मेणकागदी कपॅसिटर गळत असावा, म्हणजे त्यातून नको असलेला व्होल्टेज पुढे जात असावा. तो बदलेपर्यंत संच बंदच ठेवला आहे.

फिल्टर कपॅसिटरचा मूळचा ३२ अधिक ३२ मायक्रोफॅरडचा डबा शोभेपुरता जागेवर ठेवून खाली ४५० व्होल्टचे नवे कपॅसिटर बसवले तर चालेल का? रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड ८० असल्याने मायक्रोफॅरड फार वाढवण्याची भीती वाटते. कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीत व्हॉल्व्हचे काम जाणणारे कारागीर आहेत का? पावसाळी ओलीने पायाकडचे सागवानी व्हिनिअर (लाकडाचा पातळ थर) सुटले आहे, पण पॉलिश उतरवायला मन धजत नाही. ते न उतरवता कसे चिकटवावे, हेही कृपया सांगावे.