टर्बो पेट्रोल : ऑक्टेनपेक्षा ऑइलकडे आधी बघा

कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की टकटक आवाज येतो, त्यावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, असा सल्ला दिला जातो. साध्या नॉकिंगला (स्पार्कनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकण्याला) तो लागू पडतो. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात दुसराच एक धोका असतो : स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटणं. सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेला ऑइल-पेट्रोलचा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीचं काम करतो. स्पार्कच्या आधीच सगळं घडत असल्याने ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) स्पार्कचं टायमिंग मागे घेऊनही फारसा उपयोग होत नाही. दाब इतका वाढतो की पिस्टनला तडा जाऊ शकतो, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटमुळे हा प्रकार वाढतो, हे कळल्यावर एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे ऑइलचे दर्जे आणले. डब्यावर एसपी आहे का ते बघा, ग्रेड (ऑइलचा घट्ट-पातळपणा) मात्र मॅन्युअलमधलाच ठेवा.

आणि कृपा करून १५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, त्यानेही हाच धोका वाढतो. एक गिअर खाली घ्या. टर्बो गाडीत टॉर्क खालीच मिळतो, त्यामुळे हा मोह होतो खरा.

इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनसाठी टाकीत क्लीनर ओतणं व्यर्थ आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल या व्हॉल्व्हला लागतच नाही. पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जाणं) असेल तर गोष्ट वेगळी.