जैविक हल्ल्याचं प्रशिक्षण, हाताशी साडेतीन तास. काय शिकवू?

ओपीडीवाली:
मंडळी, मी ग्रामीण आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. वरून पत्र आलंय: जैविक दहशतवादाबद्दल सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घ्या. सोबत ९४ स्लाइडची फाइल. जिवाणूंची रंगीत चित्रं आणि पायापासून डोक्यापर्यंत सूट घातलेली माणसं. असा एकही सूट आमच्याकडे नाही. समोर बसणार दोन सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, गावोगाव फिरणाऱ्या सहा कार्यकर्त्या आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. ओपीडी मधे चालूच राहणार, त्यात निम्मे पेशंट तापाचे. काल सिस्टरनी विचारलं, "मॅडम, आपल्यावर कोण कशाला हल्ला करेल?" मला उत्तर सुचलं नाही. काय ठेवू, काय गाळू?

जुनी सिस्टर:
त्या प्रश्नापासूनच सुरुवात करा. त्यांना द डॅल्सची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या ओरेगनमधलं छोटं गाव, साल १९८४. रजनीशांच्या काही अनुयायांनी दहा हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हे जुलाबाचे जिवाणू मिसळले. का, तर स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घराबाहेरच पडू नयेत! ७५१ जण आजारी पडले. दगावलं कोणी नाही, पण हॉस्पिटल भरून गेलं. बाँब नाही, धूर नाही, नुसते जुलाब. आधी बोट दाखवलं गेलं हॉटेलातल्या कामगारांच्या हातांकडे. खरा प्रकार उघडकीला यायला वर्ष गेलं. पण साथ आहे हे कळायला त्यामागचा हेतू कळावा लागत नाही, आणि आपलं काम तेवढंच.

मी घेतलेलं पहिलं प्रशिक्षण साफ फसलं होतं. दोन तास स्लाइड, सगळ्यांच्या माना डोलताहेत. मग परीक्षा म्हणून नोंदणीच्या टेबलावर टाल्कम पावडर भरलेलं पाकीट ठेवून दिलं. क्लार्कने फोडलं, पावडर सांडली. त्याने पाकीट झटकलं, चक्क हुंगून पाहिलं आणि मामांना हाक मारली. मामा झाडू घेऊन आले. वर पंखा पाचवर. पावडर पार केसपेपरच्या गठ्ठ्यापर्यंत पोचली आणि मी दारात कपाळाला हात लावून. चूक माझीच. क्लार्क आणि मामा माझ्या हजेरीपटावर नव्हतेच! (तुमच्याही यादीत नाहीत, बघा.)

आता मी पाकिटापासूनच सुरू करते. हलवायचं नाही, हुंगायचं नाही, झाडायचं तर मुळीच नाही. वर काहीतरी झाकण घालायचं, पंखा बंद, बाहेर येऊन दार लावायचं, हात साबणपाण्याने धुवायचे. सॅनिटायझरवर भिस्त नको, अँथ्रॅक्सचे (जनावरांना आणि माणसांनाही होणारा जीवघेणा आजार) बीजाणू, म्हणजे जिवाणूंचं चिवट कवचातलं रूप, त्याला दाद देत नाहीत. खोलीत कोण कोण होतं ती नावं लिहायची आणि फोन करायचा.

आजारांचं पाठांतर नको. "हे नेहमीचं नाही" एवढं खटकलं तरी पुरे. पापण्या मिटताहेत, एकाची दोन माणसं दिसताहेत, जीभ जड, ताप नाही, शुद्ध पक्की आणि अशक्तपणा डोक्याकडून खाली उतरतोय, असा एकच पेशंट आला तरी बोट्युलिझमच्या (जिवाणूच्या विषाने येणारा लकवा) शंकेने फोन करावा. तिथे दुसऱ्या पेशंटची वाट बघायची नसते, कारण अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, पुढचा लकवा थांबवतं, झालेला परत फिरवत नाही.

आणि पत्रावरच्या नंबरवर रविवारी रात्री अकराला एकदा फोन लावून बघा.

स्लाइडवाला:
लॅबच्या बाजूने थोडं. २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्स पसरवला गेला. २२ जण आजारी, त्यातले ५ गेले. फ्लोरिडातला पहिला पेशंट मेनिंजायटिस म्हणून आला होता. डॉक्टरांनी पाठीच्या पाण्याची स्लाइड स्वतः पाहिली आणि त्यातल्या ग्रॅम पॉझिटिव्ह (रंग दिल्यावर जांभळ्या दिसणाऱ्या) दांड्यांसारख्या जिवाणूंवरून अँथ्रॅक्सची शंका घेतली. आपल्याकडे कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू प्लेटवर वाढवतात त्यात) बॅसिलस, म्हणजे अँथ्रॅक्सच्याच कुळातला जिवाणू, उगवला की आपण "कंटॅमिनेशन", म्हणजे बाहेरून शिरलेला जिवाणू, असं लिहून मोकळे होतो. एरवी ते बहुतेकदा खरंही असतं. टेक्निशियनला एवढंच शिकवा: असं लिहायच्या आधी पेशंट किती आजारी आहे ते विचार. शंका असेल तर प्लेटशी खेळू नको, वास तर घेऊच नको. वरच्या लॅबला आधी फोन, मग नमुना.

गोठ्यातला डॉक्टर:
मी जनावरांचा डॉक्टर, आम्हाला कोणी बोलवत नाही म्हणून आगाऊपणा करतोय. १९७९ मध्ये सोव्हिएत रशियात स्वेर्दलोव्स्कला लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले. हल्ला नव्हे, गळती. किमान ६६ माणसं गेली आणि सरकारने दोष दिला खराब मांसाला. पुढे नकाशावर खुणा केल्या तेव्हा माणसं आणि पुढच्या गावांतली मेलेली जनावरं वाऱ्याच्या एकाच पट्ट्यात निघाली. तुमच्या कार्यकर्त्या गोठ्यावरूनच घरात जातात ना? मग जनावरं मेलीत का, तेवढं विचारायला सांगा, आणि माझ्यासारख्याचा नंबर भिंतीवर लावा.

ओपीडीवाली:
सगळ्यांचे आभार. ७० स्लाइड उडवल्या, क्लार्क आणि मामांना पहिल्या रांगेत बसवणार. सिस्टर, रविवारी रात्री फोन केला. पहिला नंबर बंद, दुसऱ्यावर फॅक्सची शिट्टी. सोमवारी वर पत्र टाकलंय. तिसरा नंबर मिळेपर्यंत प्रशिक्षण आठवडाभर पुढे.